भरणांक

“अडकलं तर लगेच घेऊन या. तेव्हा कुणी काही विचारणार नाही,” असं डॉ. श्रेणिक चौगुले म्हणाला, तेव्हा हेमांगी मगदूमला ते वाक्य धीराचं वाटलं. त्यातली मेख कळायला तिला पुढचे काही आठवडे लागले.

ती आपल्या थोरल्या बहिणीला, शालनअक्काला, घेऊन त्याच्याकडे आली होती. अक्का साठीला टेकलेली, अंगाने भरलेली आणि कित्येक वर्षं साखरेच्या गोळ्यांवर असलेली बाई. पोटावरच्या एका जुन्या ऑपरेशनच्या वणातून तिचं आतडं बाहेर डोकावू लागलं होतं. उभी राहिली की बेंबीखाली नारळाएवढा फुगवटा दिसायचा, आडवी झाली की आत जायचा. अलीकडे तो आत जायला कुरकुरत होता. मिरजेत, मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत अक्काची खानावळ होती. पेशंटच्या नातेवाइकांना दोन वेळची भाकरी-आमटी घालायची, म्हणजे दिवसभर उभ्याचं काम. पोटाला रुंद पट्टा आवळून ती ते रेटत होती.

श्रेणिक काही परका नव्हता. शिकाऊ डॉक्टर असताना तो याच खानावळीत जेवायचा. आता तो त्या रुग्णालयाचा मुख्य सर्जन होता. त्याने अक्काचं पोट हलक्या हाताने तपासलं, खोकायला सांगितलं, पुन्हा तपासलं.

“अक्का, ऑपरेशन करायला तर हवंच. पण आत्ता नको. आधी वजन उतरवा. वीस किलो तरी.”

“वीस किलो म्हणजे माझा एक अख्खा पाय की रे,” अक्का म्हणाली. “कुठला कापू?”

श्रेणिक हसला. हेमांगी हसली नाही.

“भरणांक किती आला?” तिने विचारलं.

“शंभरात एकतीस.”

“मग जखमेवर पट्टी जास्त दिवस ठेव. त्यासाठीच तर आहे ती.”

अडकलं तर घेऊन या, एवढं सांगून त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पट्टी हेमांगीचीच होती. ती नुकती नोकरीला लागली होती तेव्हा अक्काच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर आठवड्याभरात जखम उसवली. आई तर कधीच गेली होती. हेमांगीला वाढवलं ते अक्काने. तेव्हा ते उघडं पोट रोज धुवायचं, त्यात औषधाची कापडी वात भरायची, हे काम हेमांगीकडे आलं. महिनेच्या महिने तिने ते केलं. बहिणीच्या पोटातला तो ओला, लाल खड्डा तिच्या डोळ्यांपुढून हललाच नाही. ती यंत्रांची इंजिनियर होती. पुढची सगळी वर्षं तिने त्या एका खड्ड्यामागे घातली.

कल्पना तशी साधी आहे. रिकाम्या बाटलीचं तोंड ओठांना लावून आतली हवा ओढली की बाटली ओठांना चिकटून बसते. तसंच टाके घातलेल्या जखमेवर स्पंजची पट्टी ठेवायची, तिच्यावर हवा न शिरू देणारा पातळ पापुद्रा चिकटवायचा आणि काड्यापेटीएवढ्या पंपाने आतली हवा ओढत राहायची. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब साधारण सहाव्या हिश्शाने कमी ठेवायचा. या उण्या दाबाने स्पंज आक्रसतो आणि जखमेच्या कडा एकमेकींना धरून राहतात. खोकल्याचा हिसका एका टाक्यावर न येता सगळीकडे वाटला जातो. कातडीखाली पाणी साचत नाही, सूज उतरते, बाहेरचे जंतू बाहेरच राहतात. जखम चिघळल्यावर असा पंप लावायची रीत जुनी होती. ती चिघळूच नये म्हणून टाके घालताक्षणी तो लावायचा, हा विचारही हेमांगीच्या आधी जगात रुजला होता. तिने घातलेली भर वेगळी होती.

तिच्या स्पंजमध्ये केसासारखे धागे विणलेले होते. जखमेतून झिरपणाऱ्या थेंबाची ऊब, आंबटपणा, त्यातली द्रव्यं हे धागे वाचत. लाखो जखमांचं वाचन एकत्र झालं तेव्हा यंत्र जाणतं झालं. पू दिसायच्या कितीतरी आधी ते ओळखू लागलं की ही जखम बिघडणार. मग आणखी पुढची पायरी आली. ऑपरेशनच्या आधीच पोटावर पट्टीचा तुकडा थोडा वेळ लावून ठेवला की कातडीखालचा रक्तपुरवठा आणि पेशंटची साखर-वजन यांचा मेळ घालून यंत्र शंभरापैकी एक आकडा सांगे. जखम नीट भरून येण्याची शक्यता. हेमांगीने त्याला नाव दिलं ‘भरणांक’. ज्याचा आकडा कमी, त्याला पट्टी जास्त दिवस, दाब बेताने आणि लक्ष दुप्पट. तिच्या मनात एवढंच होतं.

मग राज्यात शल्यगुणवत्ता मंडळ आलं. रुग्णालयं जखमांबद्दल खोटं सांगतात ही तक्रार जुनी होती आणि खरीही होती. आता पट्टी आपणहून मंडळाला निकाल कळवू लागली, आणि मंडळ प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर रंगाची पाटी लावू लागलं. हिरवी, नारिंगी, नाहीतर लाल. लाल पाटी लागली की ठरवून करायची ऑपरेशनं बंद करायचा मंडळाला अधिकार. लोक खूश झाले. हेमांगीही झाली. पहिल्या वर्षी जखमा खरोखरच कमी चिघळल्या.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांना एक गोष्ट उमगली. जखम चिघळू न देण्याचा हुकमी उपाय म्हणजे चिघळेल अशा माणसाला कापायचंच नाही.

हे हेमांगीला कळलं ते अक्काला घेऊन दारोदार फिरताना. श्रेणिकनंतर ती सांगलीला गेली, मग कोल्हापूरला, मग बेळगावच्या वाटेवरच्या एका नव्या रुग्णालयात. सगळीकडे हिरव्या पाट्या. भरणांक आरोग्यकार्डावर चढलेला असे, त्यामुळे अक्का गाडीतून उतरायच्या आत तिचा आकडा डॉक्टरांपर्यंत पोचलेला असे. कुणी वजनाचं कारण दिलं, कुणी साखरेचं. एकाने तर अक्काला हातही लावला नाही.

“पोट मी घेऊन आले नि बघितलं त्यांनी कार्ड,” परतताना अक्का म्हणाली. नंतर मिरजेपर्यंत ती पट्ट्यावर हात दाबून बसली होती.

त्या फेऱ्यांच्या दिवसांत हेमांगी दुपारची खानावळीतच जेवायची. तिथे बसून तिच्या ध्यानात आलं की गिऱ्हाईक बदललंय. पूर्वी जेवणाऱ्यांच्या तोंडी ‘झालं एकदाचं ऑपरेशन’, ‘उद्या टाके काढतात’ असली बोलणी असत. आता जेवायला बसलेल्यांतली बरीच माणसं स्वतःच पेशंट होती आणि तशीच गावी परत निघाली होती. बहुतेक स्थूल, साखरवाली, म्हातारी. सगळ्यांना आपापला आकडा पाठ होता.

एके दुपारी बाबासाहेब खोत डबा परत करायला आले. ते जतकडचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. बायको रुग्णालयात होती तेव्हा त्यांचा डबा अक्काकडून जायचा.

“वहिनी कशा आहेत?” अक्काने विचारलं.

“गेली,” खोत म्हणाले. अक्काने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते बसले. मग हेमांगीकडे वळून म्हणाले, “तुम्ही त्या पट्टीच्या कंपनीत आहात ना? मला एक सांगा. आम्ही वैशाखात आलो होतो. सुलभाला पण हर्नियाच होता. आकडा कमी आहे, आत्ता नको, अडकलं तर घेऊन या म्हणाले. अडकलं. आणली. एका शब्दाने कुणी विचारलं नाही हो, स्ट्रेचरवरनं थेट आत नेली. मला वाटलं, केवढी चांगली माणसं. पण तोवर आतडं काळं पडलं होतं. नंतर वॉर्डातला एक जण म्हणाला, काका, तातडीचं ऑपरेशन पाटीच्या रंगात धरत नाहीत, म्हणून लगेच घेतात. मला त्याचा अर्थ लागेना.”

हेमांगीने ताट बाजूला सारलं. अर्थ तिला लागला होता. तातडीची ऑपरेशनं रंगात धरायची नाहीत हा नियम मंडळाने चांगल्या बुद्धीनेच केला होता. नाहीतर अपघातात सापडलेल्या माणसाला कुणी दारात घेतलं नसतं. पण त्या नियमाने एक वाट उघडली होती. कमी आकड्याच्या माणसाला थांबवून ठेवायचं. आतडं अडकेपर्यंत, पित्ताशय फुटेपर्यंत, पाय सडेपर्यंत. मग तो तातडीचा होतो. मग तो जगला काय आणि मेला काय, पाटी हिरवीच राहते.

तिने खोतांना ते सगळं सरळ सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

खोतांनी ऐकून घेतलं. “म्हणजे अडकणार हे त्यांना ठाऊक होतं?”

“अडकू शकतं, हे ठाऊक होतं. हो.”

त्यांनी तांब्या बाजूला सरकवला. “डबा घासून आणलाय, अक्का,” म्हणाले, आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी हेमांगी श्रेणिकच्या खोलीत शिरली ती परवानगी न मागता. तो एकटाच होता.

“सुलभा खोत,” ती म्हणाली.

“कोण?”

“तुझ्याच टेबलावर गेली. वैशाखात तू तिला परत पाठवलं होतंस.”

श्रेणिकने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघ, मला ओरडून काही होणार नाही. मला हौस आहे का? माझी पाटी लाल झाली तर सगळं थिएटर बंद. मग ज्यांचा आकडा चांगला आहे त्यांनी कुठे जायचं? त्यांना पण पोटं आहेत.”

“ज्यांचा आकडा चांगला आहे त्यांची जखम साध्या कापसानेही भरली असती, श्रेणिक. पाऊस येणार असं कळलं तर भिजणाऱ्याच्या हातात छत्री द्यायची असते. तुम्ही ती ज्याच्या डोक्यावर ऊन आहे त्याला दिलीत, आणि भिजणाऱ्याला सांगितलंत की तू पुरात वाहून जायला लागलास की ये.”

“आकडा तू दिलास. त्याच्यावर सही तुझी आहे. मी नाही बनवला.”

“माझा आकडा म्हणत होता, हिच्याकडे जास्त लक्ष द्या.”

“आकडा काही म्हणत नसतो. आकडा आकडा असतो. मंडळाने त्याला काठी केलं, आणि आम्ही काठीला घाबरतो. सगळेच घाबरतात. मी एकटा नाही.” तो उठला, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “अक्काचं मी करतो. बुधवारी पोटात कळ आली म्हणून भरती कर. मी तातडीचं म्हणून नोंदवतो. पट्टी हवी तितके दिवस ठेवू. अक्काच्या हातचं मी खाल्लंय, हेमांगी. पण मग मंडळाकडे जाऊन हे उकरत बसू नकोस. त्यात आपण सगळेच सापडू.”

ती बाहेर पडली. तिला राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी अक्काची सोय झाली म्हणून सुटल्याची भावनाही होती, हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

खानावळीत येऊन ती आधी मंडळावर घसरली, मग श्रेणिकवर, मग आपल्या कंपनीवर. कंपनीला सगळं माहीत असणार, रुग्णालयं पट्टी घेतात ती याच आकड्यासाठी, असं ती बोलत सुटली. अक्का परातीत पीठ मळत होती. मधेच थांबून तिने पोट धरलं, कळ जाऊ दिली.

“हेमा,” ती म्हणाली, “तुझ्या रागाचं ऑपरेशन मागनं कर. आधी माझ्या पोटाचं कर. मला सोसत न्हाई आता.”

हेमांगी वरमली. तिने श्रेणिकचं बोलणं सांगितलं. बुधवार, खोटी कळ, तातडीची नोंद, आणि मग गप्प राहायचं.

“बरं की,” अक्का म्हणाली. “कळ तरी कुठं खोटी हाय?” ती पुन्हा पीठ मळू लागली. दोन भाकऱ्या थापून तव्यावर टाकल्या. तिसरीच्या वेळी तिचा हात थांबला. “खोतांच्या बायकोचं असं बुधवारी का न्हाई केलं?”

“तिची बहीण पट्टी बनवत नव्हती.”

भाकरीचा वास सुटला, करपायला लागली, तरी अक्काने ती उलटली नाही. हेमांगीने उठून उलटली.

“इथं समोर बसून जेवली असती ती, बरी झाली असती तर,” अक्का म्हणाली. “तिचा नवरा मला डबा घासून देतो आणि मी मागच्या दारानं आत जाऊ? मी भेकड हाय, हेमा, मला मरायचं न्हाई. पण असं नको. दुसरं कोण हाय का बघ. मुजावरांची नसीमा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हाय, ती घेते म्हणतात.”

डॉ. नसीमा मुजावरच्या दवाखान्याच्या दारावर नारिंगी पाटी होती. चाळिशीच्या आतली, कमी बोलणारी, सतत घाईत असलेली बाई. तिने अक्काचं पोट तपासलं, कार्ड बघितलं आणि हेमांगीला विचारलं, “हा आकडा चुकीचा आहे का?”

“नाही. बरोबर आहे. हिची जखम बिघडण्याची शक्यता खरंच जास्त आहे.”

“आणि पट्टी लावली तर ती कमी होते?”

“होते. संपत नाही, पण पुष्कळ कमी होते.”

“आणि ऑपरेशन केलंच नाही तर?”

“तर आतडं कधीतरी अडकेल.”

“मग यात विचार करण्यासारखं काय आहे?” नसीमा म्हणाली. “साखर जरा खाली आणते आणि घेते. पण एक सांगून ठेवते. ही बिघडली तर माझी पाटी लाल होणार. तेव्हा माझ्यासाठी कुणी बोलणार आहे का, तेवढं आत्ताच सांगा.”

“मी बोलेन,” हेमांगी म्हणाली.

ऑपरेशन लांबलं. आतडं आत सारून, पोटाच्या भिंतीला जाळी लावून नसीमाने टाके घातले आणि त्यावर पट्टी बसवली. पंप बारीक घुरघुरू लागला. “शेजारी कुणीतरी हळूहळू ताक भुरकत बसलंय असं वाटतंय,” अक्का म्हणाली. ती चालू लागली, खाऊ लागली, वॉर्डातल्या आमटीला नावं ठेवू लागली. मग एका सकाळी पट्टीने इशारा दिला. जखमेच्या खालच्या टोकाला धाग्यांना काहीतरी बदललेलं जाणवलं होतं. बाहेरून कातडी चांगली दिसत होती. नसीमाने तिथले दोन टाके सोडले, आतलं गढूळ पाणी बाहेर काढलं, बोटभर जखम उघडी ठेवून तिच्यात स्पंज भरला आणि पंप पुन्हा सुरू केला. बाकीची सगळी जखम घट्ट मिटलेली होती. जुन्या दिवसांत ती वरपासून खालपर्यंत उसवली असती.

“एवढं तर काहीच नाही,” हेमांगी नसीमाला बाहेर गाठून म्हणाली. “आणि नोंद माझ्या यंत्रातूनच जाते. मी जर...”

नसीमाने तिला हातानेच थांबवलं.

“नको,” नसीमा म्हणाली. “जखम बिघडली, ती बिघडली म्हणूनच जाऊ दे. खोटं हिरवं असणारे पुष्कळ आहेत.”

अक्काची बोटभर जखम भरून आली. ती घरी गेली. आणि तालुक्याच्या दवाखान्यावर लाल पाटी लागली.

त्यानंतर जे झालं ते मंडळातल्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आपल्या खानावळीत येणाऱ्या प्रत्येक परत पाठवलेल्या माणसाला अक्का सांगू लागली, लाल पाटी बघा आणि तिथं जा, तिथं घेतात. बोलणं गावोगाव गेलं. पाटी उलटी वाचायला लोकांना वेळ लागला नाही. लांबलांबच्या तालुक्यांतून माणसं नसीमाच्या ओसरीवर येऊन बसली, गुडघ्यावर कार्ड ठेवून. थिएटरला टाळं लागेपर्यंत जमतील तेवढी ऑपरेशनं ती करत राहिली. तिच्या मदतीला एकच भूलतज्ज्ञ होता आणि पट्ट्या संपत आल्या होत्या. एकदा हेमांगी स्वतःच्या गाडीत पट्ट्यांची खोकी घालून घेऊन गेली तेव्हा ती रांग तिने पाहिली. लोक तिला नमस्कार करत होते, आभार मानत होते. तिला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. एवढ्या मोठ्या मुलखात यांना आत घेणारी एकच बाई असावी आणि तिच्याच दारावर लाल पाटी असावी, याची तिला चीड आली.

मंडळाने नसीमाला सुनावणीला पुण्यात बोलावलं. हेमांगी साक्षीला गेली. अक्काही हट्टाने आली आणि मागच्या खुर्चीवर बसली.

अध्यक्ष मवाळ आवाजाचे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. “मगदूमबाई,” ते म्हणाले, “तुमच्याच यंत्राने या पेशंटला एकतीस दिले. डॉक्टरांनी तरीही ऑपरेशन केलं. जखम बिघडली. यंत्र बरोबर ठरलं. मग चूक कुणाची?”

“यंत्र बरोबर ठरलं,” हेमांगी म्हणाली. “पेशंट मागे बसली आहे. तिला विचारा, तिचं काही चुकलं का.”

अक्का उभी राहिली. “बोटभर उघडली होती, साहेब. भरली. मी आता पट्ट्याशिवाय उभी राहते.”

“आनंद आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पण एका पेशंटवरून धोरण ठरत नाही. राज्यात जखमा बिघडण्याचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलंय. हे यश तुमचंही आहे.”

“कमी भरणांक म्हणून परत पाठवलेल्यांपैकी किती जण नंतर तातडीच्या टेबलावर गेले?”

अध्यक्षांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकाऱ्याने मान हलवली.

“ती माहिती ठेवली जात नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“का?”

“नियमात नाही.”

हेमांगीला ओरडायचं होतं. पण तिच्या तोंडून शब्द आले ते अगदी सावकाश. “यंत्राने सांगितलं, जखम चिघळेल. माणूस मरेल असं ते म्हणालं नव्हतं. कुणाला दारात मरू द्यायचं हे तुम्ही ठरवलंत, आणि ते मोजायचं नाही हेही तुम्हीच ठरवलंत. त्यावर माझं नाव मी ठेवणार नाही.”

अशा यंत्राच्या प्रत्येक कामामागे एका जबाबदार इंजिनियरची सही लागते. त्या कामाने पेशंटला अपाय होतोय असं दिसलं, तर ती मागे घ्यायची मोकळीक कायद्याने तिला असते. हेमांगीने त्याच खोलीत, सगळ्यांच्या देखत, भरणांकावरची आपली सही मागे घेतली. पंप चालू राहिले. धागे जखमा वाचत राहिले, बिघाडाचे इशारे देत राहिले. ऑपरेशनच्या आधीचा आकडा मात्र राज्यभर बंद झाला. कार्डांवर त्या जागी कोरी चौकट आली. नसीमाच्या दवाखान्याचा निर्णय मंडळाने पुढे ढकलला.

कंपनीने संध्याकाळच्या आत तिला काढलं. नवा माणूस सही करेपर्यंत काही आठवडे जाणार होते. ते आठवडे दवाखान्यांत गोंधळाचे गेले. कार्डावर बघायला काही नसल्यामुळे डॉक्टरांना पुन्हा माणसाचं पोट दाबून बघावं लागत होतं. अक्का सकाळपासून फोनला बसायची. परत गेलेल्यांतल्या ज्यांचा ज्यांचा पत्ता लागला, त्यांना एकच सांगायची, “आजच निघा. आकडा परत यायच्या आत आत शिरा.”

एका दुपारी हेमांगी अक्काला कांदे चिरून देत असताना तिचा फोन वाजला. श्रेणिक होता. सुनावणीनंतर तो पहिल्यांदाच बोलत होता.

“एक बाई आहेत,” तो म्हणाला. “वजन भरपूर, साखर भरपूर, मोठा हर्निया. काल केला. पट्टी लावली आहे, पण अशा पेशंटवर मी ती कधी वापरलीच नाही. किती दिवस ठेवू? दाब किती?”

हेमांगीने विळी बाजूला सारली. तिने त्याला सगळं सांगितलं, दाब किती, कधी उतरवायचा, खालच्या टोकाकडे का लक्ष ठेवायचं, इशारा आला तर वाट न बघता दोन टाके कसे सोडायचे. तो मुकाट्याने लिहून घेत होता. मधेच एकदा त्याने ‘जरा थांब’ म्हटलं, ती थांबली.

“हेमांगी,” शेवटी तो म्हणाला, “तुला राग आहे अजून?”

“आहे.”

“मी आता करतोय ना.”

“आकडा नाही म्हणून करतोयस. पहिल्या तारखेला नवी सही होणार आहे, आकडा परत येणार आहे. तेव्हाही करशील?”

पलीकडून वॉर्डातला गलका ऐकू येत होता, भांड्यांचा आवाज, कुणीतरी नर्सला हाक मारत होतं.

“मला तेवढं सांग,” ती म्हणाली. “मी थांबते.”

ती फोन कानाला लावून थांबून राहिली.